मुलाखतीतला तो तक्ता

आमच्याकडे टेन्सर (अनेक निर्देशांकांची संख्यांची मांडणी) पद्धतींसाठी पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाची, जागा निघाली, भौतिकशास्त्र आणि गणित मिळून. कागदावर संयुक्त, वाचताना मात्र एक बाजू विचारते, ‘डीएमआरजी स्वतः चालवलंय का?’ (डीएमआरजी म्हणजे क्वांटम साखळ्यांची गणना करायची पद्धत) आणि दुसरी, ‘प्रमेय कुठाय?’ एका उमेदवाराची मुलाखत या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत पडली, आणि ती काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

तिने तीन क्यूबिटची (क्वांटम बिटची) डब्ल्यू अवस्था घेतली होती: तिघांपैकी नेमका एक १ आणि बाकी ०, अशा तीन शक्यतांची बेरीज. हा रँक ३ चा टेन्सर, म्हणजे तंतोतंत लिहायला किमान तीन साधी गुणाकार-पदं लागतात, आणि तो दोनच पदांत बसवायचा. एका वेळी एकच घटक मोकळा सोडायचा, बाकीचे गोठवायचे, लघुतम वर्गाने सोडवायचं, मग पुढचा घटक. तक्त्यात दोनच रकाने. सहगुणक सुमारे ५, तेव्हा त्रुटी ०.०१, ५० ला ०.०००१, ५०० ला ०.०००००१. दोन्ही पदांच्या दिशा जवळपास सारख्या, चिन्हं उलट. म्हणजे दोन अवाढव्य संख्या एकमेकींतून वजा होतात आणि खरं उत्तर त्या वजाबाकीत उरतं. त्रुटी हवी तितकी खाली येते, शून्य कधीच होत नाही, आणि सहगुणक फुगत राहतात. हा कोडमधला दोष नव्हे. डब्ल्यूची बॉर्डर रँक २ आहे, म्हणजे दोन पदांनी तिच्या हवं तितकं जवळ जाता येतं पण पोचता येत नाही, त्यामुळे दोन पदांचं ‘सर्वांत जवळचं’ उत्तर अस्तित्वातच नाही. डी सिल्वा आणि लिम यांनी २००८ मध्ये दाखवलं की २×२×२ च्या रँक ३ असलेल्या कुठल्याही वास्तव टेन्सरची हीच गत आहे.

भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी सुचवलं, “बाँड डायमेन्शन वाढवा.” पण तो उपाय मॅट्रिक्स प्रॉडक्ट अवस्थांचा, म्हणजे साखळीत जोडलेल्या छोट्या टेन्सरांचा; बाँड डायमेन्शन म्हणजे त्यांच्यातल्या दुव्याचा आकार. उघड्या टोकांच्या साखळीत डब्ल्यू बाँड डायमेन्शन २ मध्ये तंतोतंत बसते आणि तिथे सर्वांत जवळचं उत्तर नक्की असतं. गणिताच्या सहकाऱ्यांनी बिनी आणि मंडळींचं अशाच अंदाजी पदांवरचं १९७९ चं काम काढलं: “यात नवीन काय?”

नवीन होतं ते पुढच्या पानावर, आणि तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही. टेन्सरांच्या जाळ्यात वळसा (फिरून त्याच जागी येणारी वाट) असला की अवस्थांचा संच बंद राहीलच असं नाही, म्हणजे त्यातल्या अवस्था ज्या अवस्थेच्या हवं तितक्या जवळ जातात ती संचाबाहेर असू शकते, हे लँड्सबर्ग, ची आणि ये यांनी २०१२ मध्ये दाखवलंय. पेप्सच्या, म्हणजे मॅट्रिक्स प्रॉडक्ट अवस्थांच्या द्विमितीय भावंडांच्या, जाळीत चौकोनागणिक वळसा असतो. तिथे सहगुणक कधी फुगतात हे आधी ओळखायचं आणि ऑप्टिमायझेशनमध्ये त्यावर लगाम घालायचा, हा तिचा प्रस्ताव. दोन्ही विभागांना याहून नेमका प्रश्न क्वचित मिळतो.

जागा लांब प्रकाशनयादीला गेली. मुलाखतीच्या वीस मिनिटांत यादी मोजता येते, तक्ता वाचायला वेळ लागतो. निवडीची ही पद्धतच मला मान्य नाही.

ती आता युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपच्या तयारीत आहे. तिथे यजमान देश आधी पक्का करावा लागतो: अंतिम तारखेच्या मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ पेक्षा जास्त महिने राहिलेलं चालत नाही. प्रस्तावात तक्ता पहिल्या पानावर घे आणि त्याच्या लगेच खाली पेप्सचा वळसा काढ, एवढं मी तिला कळवलंय.