चार हाका

रविवार, रात्री साडेदहा

आज उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवरच एका काकींनी विचारलं, काय गं, सेमिनरीचा फॉर्म पाठवला का नाही अजून? मी नुसतं हसले आणि सलाम करून निघाले. उत्तर काय देणार, पाळक व्हायच्या शिक्षणाला जायचं का ते मलाच माहीत नाही. म्हणून आज लिहायला बसलेय, मनात नुसतं घोळत ठेवून काही उपयोग होत नाही.

मार्चमध्ये महिला मंडळाच्या उपासनेत पहिल्यांदा मला संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायला सांगितला होता. विषय बायबलमधल्या दोघी बहिणी, मार्था आणि मरीया. आणि कसं काय माहीत नाही पण शब्द येत गेले, समोर दोघीतिघी रडत होत्या, नंतर सगळ्या हात धरधरून म्हणाल्या तुला पाचारण आहे बघ, देवाने तुला यासाठीच ठेवलंय. त्या रात्री मला झोप नाही. लगेच सेमिनरीतल्या बी.डी.चा, म्हणजे पाळक व्हायच्या पदवीचा, फॉर्म काढला आणि शिफारस मागायला पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी पूर्ण वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बेटा, एक वर्ष थांब. आणि दर बुधवारी मावशींकडे जात जा, त्यांना शास्त्र वाचून दाखव." एवढंच. खूप लागलं मला ते. घरी येऊन मम्मीजवळ रडले, म्हटलं मी देवाचं काम करायचं म्हणतेय आणि हे मला वाचन करायला पाठवतात.

तरी गेले. आता सात महिने होत आले.

मावशी म्हणजे आमच्या चर्चमधल्या सगळ्यात जुन्या. दोन्ही डोळ्यांनी आता काहीच दिसत नाही, खाटेवरच असतात. खोलीत विक्सचा आणि चुलीवरच्या भाकरीचा वास, खाटेशेजारी एक निळं प्लास्टिकचं स्टूल, त्यावर मी बसते. पहिल्या दिवशी मी छान आवाज लावून स्तोत्र १२१ वाचलं, अगदी पुलपीटवर वाचतात तसं, आणि संपल्यावर मावशी म्हणाल्या, "परत वाच. हळू. देव कुठं पळून चाललाय?" दुसऱ्यांदा वाचताना मला कळलं की पहिल्यांदा मी स्वतःचाच आवाज ऐकत होते. खरंच सांगते, अंगावर काटा आला.

ऑफिसातली माझी मैत्रीण वसईची, कॅथलिक आहे. तिला हे सगळं सांगितलं तर तिने मला संत इग्नेशियस लोयोला यांच्याबद्दल सांगितलं. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला, महिनोन् महिने अंथरुणावर. पडल्या पडल्या दोन प्रकारची स्वप्नं बघायचे, एक शूर सरदार होऊन नाव कमवायचं आणि दुसरं संतांसारखं सगळं सोडून देवाच्या मागे जायचं. दोन्ही बघताना बरंच वाटायचं. पण पहिलं संपलं की मन कोरडं पडायचं, आणि दुसऱ्यानंतर आनंद टिकून राहायचा. यावरनं त्यांनी ओळखायला सुरुवात केली की कुठला विचार कुठून येतोय. मला हे फार पटलं, कारण मी ताडून बघितलं ना. पांढरा झगा घालून मी उभी आहे, मंडळी शांत बसून ऐकतेय, हे चित्र मनात आणलं की दहा मिनिटं उडाल्यासारखं होतं आणि मग काहीच उरत नाही, उलट अजून कोणी छान म्हणावं असं वाटत राहतं. आणि बुधवारी मावशींची नखं कापून, दोन स्तोत्रं वाचून, रिक्षाने घरी येते तेव्हा दमलेली असते पण रात्री झोपेपर्यंत आत काहीतरी गार, शांत असतं. गुरुवारी सकाळीसुद्धा असतं.

मग संदेश द्यायची ओढ खोटी का? तसंही नाही वाटत. बायबलमधला मोशे पण देवाने बोलावलं तेव्हा मी कोण म्हणून मागे सरत होता आणि ती नम्रता नव्हती, भीती होती, देव रागावला त्याच्यावर. मी आता नको नको म्हणत बसले तर तेही तसंच होईल की काय ही धास्ती आहेच.

गेल्या बुधवारी मावशींना सगळं सांगून टाकलं. म्हटलं वय निघून चाललंय, हाक आली असेल आणि मी थांबून राहिले तर? मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "देवानं लहान शमुवेलाला किती हाका मारल्या?" मी म्हटलं तीन. "चार," म्हणाल्या. "तीनदा तो म्हाताऱ्या एली याजकाकडेच पळाला. देव चिडला का? परत आला. बोलावलं असेल तर परत बोलावील."

घरी येऊन पवित्र शास्त्रातला १ शमुवेल, अध्याय ३ काढला. खरंच चार. आणि किती वेळा वाचला असेल, शब्बाथ शाळेत मुलांना शिकवलाय तरी, पण दोन गोष्टी मी कधी बघितल्याच नव्हत्या. हाक ओळखून दिली ती एलीने, ज्याचे डोळे मंद झाले होते. आणि पंधरावी ओवी, एवढं सगळं रात्री ऐकल्यावर शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला आणि मग उठून त्याने परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली. रोजचं काम. कोणाला सांगत सुटला नाही, उलट सांगायला घाबरत होता, कारण पहिलाच निरोप मिळाला तो त्याला लहानाचं मोठं करणाऱ्या म्हाताऱ्याच्या घराविरुद्ध होता. मी मात्र एका संदेशानंतर आठवड्यात फॉर्म घेऊन हजर.

आपल्या अहमदनगरात ज्यांनी इतकी वर्षं काढली त्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं आज सारखं मनात येतंय. आगगाडीत एका अनोळखी साहेबाने नवा करार हातात दिला, डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलून गेले, तरी बाप्तिस्मा घ्यायला १८९५ साल उजाडलं. मधे किती वाचन, किती प्रश्न, घरादाराचं किती दुखणं. आणि ख्रिस्ताच्या अनुयायांसाठी त्यांनी काढलेला देवाचा दरबार हा संघ तर १९१७ ला, आयुष्याच्या अगदी शेवटी. एवढ्या मोठ्या माणसाचं पाचारणसुद्धा असं टप्प्याटप्प्याने उलगडत गेलं.

पाळकसाहेबांचा राग आता नाही. आज ते स्वतःहून म्हणाले, मार्चमध्ये ये, बसून बोलू. म्हणजे ते विसरले नव्हते.

फॉर्म अजून पवित्र शास्त्राच्या मागच्या कव्हरात घडी करून ठेवलाय. पाळकसाहेबांकडे जायच्या आधी मावशींना वाचून दाखवणार आहे, हळू. परवा त्यांचं नेलकटर बोथट झालं होतं, बुधवारी जाताना नवीन न्यायचंय.