तक्त्यातली वाजंत्री

भाचीच्या लग्नात माझ्याकडे दोन कामं होती. पहिलं मामा म्हणून आपोआप आलेलं. मुलीला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. दुसरं तिनं फोनवर दिलं. "मामा, गाण्यांचं खातं तुझ्याकडे हं." शाळेत असताना मी दोन वर्षं तबला शिकलो होतो. त्रितालाच्या पुढे फारसा गेलो नाही, पण 'त्याला गाण्यातलं कळतं' ही अफवा तेव्हा घरात जी उठली, ती आजतागायत बसलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा तक्ता आला. संगणकावर नीट आखलेला, सोळा ओळींचा. सीमांतपूजन, गौरीहर, वधूचं आगमन, अंतरपाट, हार घालणं, कन्यादान, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी, पंगत, झाल, पाठवणी, वरात आणि मध्ये बारीकसारीक बरंच काही. समोर 'गाणं' असा रिकामा रकाना आणि त्याच्या शेजारी 'मूड'. मूड मात्र तिनं स्वतःच भरून दिले होते. गौरीहरापुढे 'शांत', कन्यादानापुढे 'इमोशनल पण रडू नको', कानपिळीपुढे 'फनी'. लाजाहोमापुढे फक्त प्रश्नचिन्ह होतं. ते मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं. लाजाहोमाच्या वेळी धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत असतात आणि अर्धा हॉल पंगतीकडे सरकलेला असतो. तिथं तानसेन बसवला तरी ऐकणार कोण?

तीन आठवडे मी त्या तक्त्याशी झुंजलो. गाण्याची चाल बरी असली तर शब्द आडवे यायचे. आपल्याकडच्या प्रेमगीतांत विरह इतका ठासून भरलाय की हार घालताना लावायला निखळ सुखाचं गाणं शोधू लागलो, तेव्हा घाम फुटला. मधुर म्हणून निवडलेलं गाणं दुसऱ्या कडव्यात प्रेयसीला चितेपर्यंत पोचवून यायचं. मग मी फक्त पहिलं कडवं कापून घ्यायला शिकलो.

हळदीचं खातं माझ्याकडे नव्हतं, ते मैत्रिणींनी घेतलं होतं. कोळीगीतं आणि मोठाले स्पीकर. मला नाचायला बोलावलं, मी दोन पावलं टाकून कंबर धरली. पण तिथं बसल्या बसल्या मनात आलं, की हळदीचं संगीत निवडायची गरज आपल्याला आत्ता आत्ता पडायला लागली. पूर्वी जात्याला आंब्याची पानं बांधली, बायकांनी खुंटा धरला की ओवी आपसूक यायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांत लग्नाच्या ओव्याही आहेत. रायगड-ठाण्याकडच्या आगरी-कोळी लग्नात अजून धवलारीण येते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते आणि तिच्या गाण्याच्या आधारानंच लग्नाचे विधी पुढे सरकतात. म्हणजे तिथं गाणं विधीच्या मागे वाजत नाही, ते पुढे चालतं. आणि हा प्रकार जुना किती? मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिचं नाव घेतो, त्या महदंबेची तेराव्या शतकातली रचना म्हणजे धवळेच. रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाची गाणी, ऋद्धिपूरला महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या निमित्तानं रचलेली. आपल्या बायकांच्या कवितेची सुरुवात अशी लग्नघरात झाली आणि मी बसलोय 'फनी' शोधत.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची. तक्ता तिला वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकून घेतला आणि म्हणाली, "आमच्या वेळी निवडायचं कुठं रे? वाजायचं." मग थांबून म्हणाली, "धाकट्या बहिणीचं लग्न मी बघितलंच नाही. मुदपाकखान्यात होते. पण सगळं कळत होतं. सनई थांबली की समजायचं अंतरपाट धरला. ताशा कडाडला की लग्न लागलं. मी तिथंच कढईसमोर अक्षता टाकल्या."

हे वाक्य मला महिनाभर पुरलं. मी आणि भाची, दोघंही लग्नाचं संगीत ऐकणाऱ्यांसाठी निवडत होतो. खरं तर ते असतं दिसत नाही त्यांच्यासाठी. मुदपाकखान्यातल्या बाईसाठी, गाडी लावायला जागा शोधणाऱ्या काकांसाठी, मागच्या रांगेत पेन्शनच्या गोष्टी करणाऱ्या दोघांसाठी, बाळाला घेऊन जिन्यावर फेऱ्या मारणाऱ्या आईसाठी. आत्ता काय चाललंय, उठायचं की बसायचं, हे त्यांना वाजंत्री सांगते.

मंगलाष्टकांकडे असं पाहिलं की मजा कळते. बहुतेक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर दम घ्यायचा. चाल अशी डुलत डुलत येते की गप्पा मारायला पूर्ण मुभा. नावात आठ असली तरी आठांवर थांबणारं लग्न मी पाहिलेलं नाही. घटिका लांब असली की भटजी "आणखी कुणाला म्हणायचंय?" असं विचारतात आणि घटिका गाठत आली की आत्याबाईंचा कागद हातातच राहतो. शेवटी 'तदेव लग्नं' सुरू झालं की एकदम वृत्त बदलतं. एकोणिसाची ओळ अकरा अक्षरांवर येते, चालीला घाई सुटते. शब्द संस्कृत, अर्थ निम्म्यांना ठाऊक नाही, पण त्या बदललेल्या चालीसरशी अख्ख्या हॉलची मूठ वळते. पेन्शनवालेसुद्धा बोलणं अर्धवट सोडून उठतात. आणि 'सावधान' हा शब्द इतका खणखणीत, की तो ऐकून बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला, ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो.

आमच्या घराण्यात मंगलाष्टकं घरी रचायची रीत आहे. त्यात सगळ्या नातेवाइकांची नावं आलीच पाहिजेत, नाहीतर पुढची चार वर्षं ऐकावं लागतं. या वेळी माझ्या मावशीनं लेखणी उचलली आणि अडचण आली की मला फोन. कमलआत्या कुठं बसेना. क-म-ल, तिन्ही अक्षरं लघू आणि या वृत्तात सलग तीन लघू एकाच जागी येतात, नऊ-दहा-अकरावर. गणपतीच्या मंगलाष्टकात 'गजमुखं' म्हणताना ग-ज-मु येतं ना, नेमकी तीच जागा. मावशीला म्हटलं, "आत्याला गजमुखाच्या पाटावर बसव." बसली! खरी पंचाईत मधुकरकाकांची. चारही लघू. शार्दूलविक्रीडितात चार लघूंना सलग जागाच नाही. काका तर घरातले थोरले, वगळायची सोय नाही. दोन दिवसांनी मावशीनं धुकारात शिरून त्याला दीर्घ केलं आणि ओळ तयार झाली: 'आले आज इथे मधूकर तसे काकू, तयांची मुले'. काव्य म्हणून ती कुठं बसते ते सोडा, वृत्तात चोख बसली. मधुकरकाका ती ओळ आता फोनवर स्वतः म्हणून दाखवतात, 'धू' लांबवून.

राहता राहिली सनई. मी म्हटलं, ताफा बोलवू. भाची म्हणाली, "मामा, एसी हॉलमध्ये सनई-चौघडा कानात बसतो. रेकॉर्डेड लावू, बिस्मिल्ला खाँ." तिचं अगदीच चूक नव्हतं. सनई हे नगारखान्यातलं, उघड्यावरचं वाद्य, बंद खोलीत त्याचा जीव घुसमटतो आणि आपलाही. खाँसाहेबांनी ती मांडवातून मैफलीत नेली आणि २००१ साली भारतरत्नापर्यंत पोचवली, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? पण ताफ्यातल्या एका माणसासाठी माझा जीव तुटला. सूर धरणारा. मुख्य सनईवाला वाजवतो, थांबतो, सनईच्या तोंडाची पत्ती ओली करतो, पान खातो. हा मात्र गाल फुगवून, नाकानं श्वास घेत, तोंडानं सोडत एकच स्वर धरून असतो. कुणी त्याच्याकडे बघत नाही. त्याचे डोळे मात्र भटजींच्या हातावर असतात.

रागाचा प्रश्नही ताफा स्वतःच सोडवतो. आमचा मुहूर्त होता दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा, म्हणजे सारंगाची वेळ. सकाळचा असता तर तोडी. गोरज मुहूर्ताला घोटाळा होतो, कारण सूर्यास्ताच्या त्या घटकेवर हक्क मारवा रागाचा. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल आणि षड्जावर टेकायला नाखूश. संसाराला निघालेल्या जोडप्याला असा अस्वस्थ राग ऐकवायचा म्हणजे पहिल्याच दिवशी घरातून पाय काढायला लावण्यासारखं. मी ऐकलेले सनईवाले अशा वेळी घड्याळाकडे काणाडोळा करून सरळ यमन धरतात.

वरातीच्या ओळीशी मी फार वेळ घालवला नाही. ढोल-ताशा आणि बँड मुलाकडचे. रात्री दहाला बंद करावं लागतं, ते २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी सगळ्यांना माहीत करून दिलंय. आणि गाण्याच्या हक्कांचं म्हणाल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लग्नाच्या वरातीला आणि समारंभांना सूट ठेवली आहे. कायदा करणाऱ्यांनीही आपापल्या लग्नात बँड लावलाच असणार.

तर पेनड्राइव्ह तयार झाला. सोळा फायली, प्रत्येकीला क्रमांक. चार नंबर म्हणजे अंतरपाट खाली येताच वाजायची सनई आणि चौघडा. अडचण शेवटच्या दिवशी लक्षात आली. चार नंबर दाबायच्या वेळी मी कुठं असणार? भाचीच्या मागे, दोन्ही हात जोडून. मग लॅपटॉप माझ्या पुतण्याकडे दिला. वय तेरा. त्याला तीनदा समजावलं, की भटजी शेवटचं 'सावधान' म्हणाले, अंतरपाट हलला, की दाब. तो म्हणाला, "काका, चिल."

लग्नाच्या दिवशी पहिले तीन नंबर बिनचूक वाजले. मंगलाष्टकं सुरू झाली. मधुकरकाका आपल्या ओळीला खुर्चीतून उठून उभे राहिले. कमलआत्या गजमुखाच्या जागी विराजमान झाल्या. 'तदेव लग्नं' आलं, मुठी वळल्या. मी मान वाकडी करून पाहतो तर लॅपटॉपमागची खुर्ची रिकामी. आमचे चिरंजीव अक्षता टाकायला पुढच्या रांगेत आले होते, दोन्ही हात भरून. त्यांनाही लग्न बघायचं होतं, त्यात त्यांचं काय चुकलं?

"सावधान!" अंतरपाट खाली आला. अक्षता उडाल्या. आणि आवाज काहीच नाही. अक्षता खुर्च्यांवर, फरशीवर पडल्याचा तो बारीक सरसर आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

आणि मग एकदम सनई. चौघड्यासकट, दणदणीत, मात्र जरा छतातून आल्यासारखी. कार्यालयाला दोन मजले होते. वरच्या हॉलमध्ये दुसरं लग्न होतं. पंचांग एकच, त्यामुळे १२:३७ त्यांचेही आणि आमचेही. त्यांनी ताफा बोलावला होता. त्यांच्या ताफ्यानं त्यांच्या लेकीसाठी वाजवलं, ते जिन्यातून खाली आलं आणि आमचंही लग्न लागलं. आमच्या हॉलमध्ये एकाच्याही लक्षात आलं नाही. भाचीनं हार घातला. मुदपाकखान्याच्या दारात आचारी वाढप्यांसह उभे होते, त्यांनीही हात जोडले.

दुपारी पंगतीच्या वेळी मी वर गेलो. सनईवाले जेवून हात पुसत होते. सूर धरणारा बाकावर टेकून बसला होता, वयानं थोराड, गालांना सवयीनं आलेला सैलपणा. म्हटलं, "बाबा, सारंग ना?" ते म्हणाले, "बारा वाजता दुसरं काय वाजवणार, साहेब?" मी सगळा प्रकार सांगितला. ते हसले नाहीत. "खाली चाललंय ते आम्हाला कळत होतं की. तुमच्या भटजींचा आवाज मोठा आहे. आमचे गुरुजी हळू बोलतात, म्हणून मी कान खालीच लावला होता. तुमचं 'सावधान' आलं, मी मान हलवली." मी त्यांना पाकीट दिलं. त्यांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि आपल्या सोबत्यांना बोलावून तिघांत वाटून टाकलं.

पाठवणीसाठी मी सहा वेळा गाणं बदललं होतं, त्या नंबरवर शेवटी काय होतं ते आता आठवतही नाही. ताई म्हणाली, "काही लावू नकोस रे." लावलं नाही.

महिन्याभरानं व्हिडिओ आला. पाच मिनिटांचा छोटा आणि तीन तासांचा अख्खा. छोट्यात व्हिडिओवाल्यानं मूळ आवाज पूर्ण काढून टाकून वर स्वतःच्या आवडीचं एकच गाणं पसरलंय. माझे तीन आठवडे त्यात कुठंही नाहीत. अख्ख्यात मात्र सगळं आहे. मावशीची ओळ, काकांचं उभं राहणं, 'तदेव लग्नं'. मग 'सावधान', अक्षतांची सरसर आणि त्या शांततेत, नवरीच्या अगदी खांद्यामागून, दबक्या पण स्वच्छ आवाजात: "अरे चार! चार नंबर दाब, गाढवा!"