बर्वी कुठे गेलं?

मंगळवारी सकाळी फोन आला तेव्हा मी फॉरफर गावाच्या हद्दीतला एक कोपरा तिसऱ्यांदा तपासत होते. पलीकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि सरळ विचारलं, "तुमच्या नकाशावर आमचं बर्वी कुठे गेलं?"

मी स्कॉटलंडमधल्या एका छोट्या संस्थेत नकाशांचं काम करते. जुन्या मतदारसंघांच्या हद्दी आजच्या नकाशावर बसवायच्या, हा सध्याचा प्रकल्प. त्यातला मॉन्ट्रोज बर्ग्ज हा मतदारसंघ आम्ही दोन आठवड्यांपूर्वी पुरा करून तपासणीसाठी खुला केला होता. तपासणीत एकही चूक निघाली नव्हती. अहवालात सगळे रकाने हिरवे होते, आणि त्या अहवालावर सही माझी होती.

हा मतदारसंघ डोळ्यांसमोर आणणं आपल्याला थोडं अवघड जातं. मतदारसंघ म्हणजे सलग मुलूख, एका रेषेच्या आतला, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मॉन्ट्रोज बर्ग्ज तसा नव्हता. ही पाच सुटी गावं होती. मॉन्ट्रोज, आर्ब्रोथ, ब्रीकिन, फॉरफर आणि इन्व्हरबर्वी, ज्याला तिथले लोक नुसतं बर्वी म्हणतात. मॉन्ट्रोजहून आर्ब्रोथ वीसेक किलोमीटर दक्षिणेला, बर्वी जवळजवळ तितकंच उत्तरेला, ब्रीकिन आत पश्चिमेला आणि फॉरफर आणखी आत. मधली शेतं, वाड्या, टेकड्या यांतलं काहीच या मतदारसंघात नव्हतं, तिथले मतदार काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, वेगळ्या जागेसाठी मत द्यायचे. ही पाचही राजाची सनद मिळालेली नगरं, म्हणजे 'बर्ग'. १८३२पूर्वी यांतली चार गावं अ‍ॅबर्डीनच्या गटात होती आणि फॉरफर पर्थ, डंडी यांच्या गटात. तेव्हा लोकांच्या मताचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक नगराची कौन्सिल एक प्रतिनिधी पाठवायची आणि ते पाच जण मिळून एक खासदार निवडायचे. १८३२च्या सुधारणा कायद्याने अ‍ॅबर्डीनला स्वतःची जागा दिली, फॉरफर इकडे आणलं आणि ठरावीक किमतीच्या घरात राहणाऱ्या पुरुषांना मत दिलं. तिथून १९५०पर्यंत, म्हणजे ११८ वर्षं, ही पाच गावं एकच खासदार पाठवत राहिली.

या गावांच्या हद्दी बसवणं हे माझ्या आजवरच्या कामातलं सगळ्यात आवडतं काम आहे. १८३२च्या कायद्याच्या एका परिशिष्टात प्रत्येक नगराची हद्द शब्दांत लिहिलेली आहे. आपल्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, अगदी तशी. अमका ओढा तमक्या रस्त्याला मिळतो तिथून सरळ रेषेत अमक्या घराच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून नदीकाठाने खाली. ते घर आता नसतं, ओढा पाइपात गेलेला असतो, रस्ता वळवलेला असतो. मग त्या काळचा नकाशा घ्यायचा आणि आजही जागेवर असलेल्या खुणा शोधून तो आजच्या नकाशावर ताणून बसवायचा. ब्रीकिनमध्ये गोल दगडी मनोरा आहे, हजार वर्षांच्या आसपासचा. त्याच्यासारखी खूण नाही. आर्ब्रोथला मोडक्या मठाची उंच भिंत आहे. मॉन्ट्रोजला मात्र फसगत होते. तिथल्या चर्चचं उंच शिखर सगळ्या गावावर दिसतं आणि नवखा माणूस हमखास तीच खूण धरतो. पण ते शिखर पुरं झालं १८३४ साली, म्हणजे १८३२च्या नकाशावरचा मनोरा तो नव्हेच. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने तो धरला होता. मी ते काम पुसून पुन्हा केलं आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझे वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. माण, खटाव, फलटण, सगळीकडे मोजणीला जायचे. ते म्हणायचे, हद्दीचा दगड सापडला नाही की शेजारच्या वावरातल्या म्हाताऱ्याला विचारायचं, मग नकाशा उघडायचा. आमच्या कार्यालयात उलटं चालतं. कुणालाच काही विचारायचं नसतं.

फोन ठेवला आणि मी मूळ फाइल उघडली. पाच आकृत्या होत्या. माझ्याच हाताने काढलेलं बर्वी त्यात होतं, समुद्राला लागून, नदीच्या तोंडाशी. खुल्या केलेल्या नकाशात चारच. मधे कुठेतरी ते गळलं होतं. शोधायला दीड तास लागला आणि कारण सापडलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आमच्या तक्त्यात प्रत्येक मतदारसंघापुढे काउंटीचा एक रकाना आहे आणि त्यात एकच नाव बसतं. मॉन्ट्रोज बर्ग्जपुढे 'अँगस' लिहिलं होतं, आणि चार गावांपुरतं ते बरोबर होतं, जुन्या नावाने फॉरफरशर. बर्वी मात्र शेजारच्या किंकार्डिनशर काउंटीतलं. किनाऱ्याकडच्या रेषा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून शेवटी एक प्रोग्रॅम चालवतात. तो प्रत्येक मतदारसंघ त्याच्या काउंटीच्या हद्दीवर कापतो, बाहेर राहिलेला तुकडा फेकतो आणि कुठेही नोंद करत नाही. बर्वी बाहेर राहिलं. तपासणीचा प्रोग्रॅम कापल्यानंतर चालतो, म्हणून त्याला सगळं ठीक दिसलं. तो रकाना एकेरी ठेवू नका, हे मी पहिल्याच महिन्यात लिहून दिलं होतं. उत्तर आलं होतं की अपवाद थोडे असतील.

दुपारी मी बाकीचे जुने नगरगट काढून बसले. स्टर्लिंग बर्ग्जमध्ये स्टर्लिंग, कलरॉस, डनफर्मलिन, इन्व्हरकीदिंग आणि क्वीन्सफेरी. यातलं क्वीन्सफेरी तर फोर्थच्या खाडीपलीकडे, आणि बाकीचीही सगळी एका काउंटीतली नव्हेत. रकान्यातल्या काउंटीबाहेरची गावं. गायब. विक बर्ग्जमधलं कर्कवॉल तर ऑर्क्नी बेटांवरचं. तेही गायब. अपवाद थोडे नव्हतेच. यांतले बहुतेक नगरगट होतेच काउंटीची रेष ओलांडणारे. आणि स्टर्लिंग बर्ग्जचा खासदार हेन्री कॅम्पबेल-बॅनरमन १९०५ ते १९०८ ब्रिटनचा पंतप्रधान होता. त्याच्या मतदारसंघाचा एक तुकडा आम्ही समुद्रात बुडवला होता.

हे सगळं चूक दुरुस्त करण्यापुरतं होतं. खरं डोक्यात बसलं ते संध्याकाळी. बर्वी परत जागेवर बसवल्यावर मी प्रत्येक निवडणुकीची नोंद त्या पाच आकृत्यांशी जोडत होते. हे काम मी आधीही केलं होतं, पण नावं न वाचता, नुसते आकडे जुळवत. या वेळी वाचली.

१८४२ ते १८५५, जोसेफ ह्यूम. मॉन्ट्रोजमध्येच १७७७ साली जन्मलेला. वडील लवकर गेले, आईने भांडी विकून मुलांना वाढवलं. तो डॉक्टरकी शिकला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेला, हिंदुस्तानी शिकला आणि १८०३च्या मराठ्यांविरुद्धच्या लढाईत बुंदेलखंडात कंपनीच्या फौजेबरोबर होता. भरपूर पैसा कमावून परतला आणि पुढे पार्लमेंटमध्ये सरकारच्या प्रत्येक खर्चाचा हिशेब मागणारा माणूस म्हणून गाजला. मॉन्ट्रोजच्या हमरस्त्यावर त्याचा पुतळा आहे. नकाशा बसवताना मी त्या पुतळ्याशेजारून दोनदा गेले होते. त्याचा मुलगा अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ साली काँग्रेसचं पहिलं अधिवेशन ज्याच्या पुढाकाराने भरलं तो हाच. ते अधिवेशन आधी पुण्यात ठरलं होतं, तिथे कॉलरा पसरला म्हणून मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजमध्ये भरलं. हे शाळेत पाठ केलं होतं. बाप कुठल्या गावचा, ते कुणी सांगितलं नव्हतं.

१८९६ ते १९०८, जॉन मॉर्ले. १८९५च्या निवडणुकीत न्यूकॅसलला पडला आणि पुढच्या वर्षी इथल्या पोटनिवडणुकीत निवडून आला. डिसेंबर १९०५मध्ये तो भारतमंत्री झाला. गोखले १९०६ साली लंडनमध्ये ज्याला पुन्हा पुन्हा भेटून सुधारणांची बोलणी करत होते तो हा मॉर्ले, आणि १९०९च्या मोर्ले-मिंटो सुधारणांमधला मोर्लेही हाच. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याचं नाव एका जोडनावाचा अर्धा भाग म्हणून येतं. भारताचा कारभार हातात घेतल्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ त्याची पार्लमेंटमधली जागा म्हणजे हीच पाच गावं होती. जहाजाच्या शिडांचं कापड विणणारं आर्ब्रोथ, गिरण्यांचं फॉरफर, छोटंसं बर्वी.

२१ ऑक्टोबर १९०७ला तो आर्ब्रोथला आपल्या मतदारांसमोर बोलला आणि विषय होता भारत. त्याच वर्षी मे महिन्यात लाला लजपतरायांना खटला न चालवता मंडालेला पाठवलेलं होतं. मजूर पक्षाचे केअर हार्डी तेव्हा भारतात फिरत होते आणि कॅनडासारखं स्वराज्य भारताला का नको, अशी चर्चा निघाली होती. मॉर्लेने आर्ब्रोथकरांना सांगितलं की असं म्हणणं ही राजकारणातली सगळ्यात ढोबळ चूक आहे. कॅनडात काही महिने केसाळ चामड्याचा कोट सुखाचा वाटतो म्हणून तोच कोट दख्खनमध्येही अंगावर घालावा, असं म्हणण्यासारखं ते आहे. भाषणात दख्खन हे नाव आहे. त्याला सगळ्या भारतातून उदाहरणाला दख्खन सुचलं.

मी दख्खनची आहे. माझे पणजोबा त्या ऑक्टोबरात माण तालुक्यात बाजरी काढत असणार. थंडीच्या दिवसांत तिकडे पहाटे चांगली हुडहुडी भरते. आणि माणदेशातला धनगर बारा महिने खांद्यावर लोकरीचं घोंगडं टाकून असतो. थंडीला तेच, पावसात खोळ तीच, उन्हात डोक्यावर तेच, रात्री अंथरायला तेच. असा उबदार कपडा दख्खनला चालत नाही, हे आर्ब्रोथच्या सभागृहात ज्यांनी ऐकलं त्यांतल्या कुणाला खोडून काढता आलं असतं? आणि ज्यांना आलं असतं, त्यांना विचारलं कुणी होतं? या पाच गावांतले पुरुष मतदार त्या माणसाला निवडू शकत होते, पाडू शकत होते. सबंध दख्खनात तसं एकही मत नव्हतं. बर्वीतल्या एखाद्या भाडेकरू सुताराच्या मताचं वजन आमच्या अख्ख्या तालुक्यापेक्षा जास्त होतं, आणि ते बर्वी मी नकाशावरून पुसून त्यावर सही केली होती.

रात्री घरी आईला फोनवर हे सांगितलं. तिने विचारलं, "मग त्या बाईंना कळवलंस का?" कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी रकाना बदलायची मागणी पुन्हा मांडली. आमच्या प्रमुखांचं म्हणणं पडलं की हाताने दुरुस्त करा, रचना बदलायला वेळ नाही. ते वाईट गृहस्थ नाहीत, पण त्यांना काम पूर्ण झाल्याची तारीख दिसते, काम दिसत नाही. क्वीन्सफेरी, कर्कवॉल आणि बाकीची गळलेली गावं मी हाताने परत आणली. पुढे कुणी तो प्रोग्रॅम पुन्हा चालवला तर ती पुन्हा जातील, हेही मी लिहून दिलं आहे. या वेळी त्याची एक प्रत माझ्याकडे ठेवली.

मग त्या शिक्षिकांना फोन केला. चूक आमची होती, ती कशी झाली, सगळं सांगितलं. त्यांनी नकाशा उघडला, बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "नदीकडची बाजू बरोबर आहे. वरच्या अंगाला मात्र तुम्ही रेष नव्या रस्त्यावर धरली आहे. जुना रस्ता खालून जायचा. मी शाळेत त्याच रस्त्याने जायची." मी जुना नकाशा काढला. त्यांचं बरोबर होतं. रेष सुमारे तीस मीटर सरकवली.