आमची वाटचाल : कारखान्याच्या फाटकातून ताळेबंदाकडे

आमची फर्म छोटी आहे आणि आम्ही ती छोटीच ठेवली आहे. मी पुण्याहून सिंगापूरला आलेला सीए, भागीदार इथलीच, मँडरिन आणि फुजियान प्रांताकडची होक्कियन बोली दोन्ही सफाईने बोलणारी. चीनमधल्या लहान कारखानदार कंपन्यांत पैसे घालणाऱ्यांसाठी आम्ही तपासणी करतो. पटलं तर स्वतःचेही घालतो.

२००७ मध्ये सुरुवात केली तेव्हा सिंगापूरच्या शेअरबाजारात ‘एस-चिप’ची, म्हणजे तिथे शेअर विकणाऱ्या चिनी कंपन्यांची, लाट होती. कोणी फुजियानमधले बूटवाले, कोणी जिआंगसूमधले पोलादवाले. नोंदणी सिंगापूरची किंवा बर्म्युडाची, कारखाना चीनमध्ये. २००८ मध्ये त्यांतल्याच फेरोचायनाने खेळत्या भांडवलाची कर्जं फेडता येत नसल्याचं जाहीर केलं. २००९ मध्ये फायबरकेमच्या लेखापरीक्षकांना रोकड आणि येणी यांची खात्री पटेना, २०११ मध्ये चायना होंगशिंगच्या रोकडीवरही प्रश्न उभे राहिले. लाट ओसरली आणि आमच्याकडे खऱ्या अर्थाने काम येऊ लागलं!

ताळेबंदात बँकेतली रोकड भरपूर, व्याजाचं उत्पन्न नगण्य आणि वर कर्जही उचललेलं, असं दिसलं की ती रोकड खरी आहे का अशी शंका येते; कारखाना खरंच किती चालतो ते कळावं म्हणून आम्ही आधी वीजबिलं मागतो. मग सामाजिक विमा किती कामगारांचा भरला आहे ते बघतो, आणि विक्रीच्या आकड्याला करखात्याच्या ‘फापियाओ’ पावत्यांचा आधार आहे का तेही. फुजियानमधल्या जिन्जियांगला मालकाच्या घरच्यांशी होक्कियन चालते, पण कामगार बहुतेक सिचुआन-ग्वेइचौकडचे, त्यांच्याशी मँडरिन. मालक मला चहावर चहा पाजत असतो, तेवढ्यात भागीदार शेडच्या मागे जाऊन येते. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, सुट्टीनंतर किती जण कामावर परतले, हे तिला तिथेच कळतं. वार्षिक अहवालातलं अध्यक्षांचं निवेदन मी शक्यतो वाचतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो कंपनीच्या गोल लाल शिक्क्यावर; चीनमध्ये तो कागदावर उमटला की कंपनीची सही झाली. चिनी कायद्यात कंपनीचा ‘कायदेशीर प्रतिनिधी’, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करणारा नोंदणीकृत माणूस, एकच असतो, आणि लहान कंपनीत तो म्हणजे मालक; शिक्काही बहुधा त्याच्याच कपाटात. सिंगापूरच्या भागधारकांनी त्याला संचालक मंडळातून काढलं, तरी चीनमधल्या उपकंपनीच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत तिथली बँक त्याचंच ऐकते. ती नोंद बदलायला गेलं की पुन्हा तोच शिक्का मागतात. म्हणून पैसे जाण्याआधी शिक्का कोणाकडे राहणार, हे आम्ही करारात लिहून घेतो. यावरून मोडलेले सौदे बरेच आहेत आणि त्यांचं मला वाईट वाटत नाही.

१ जुलै २०२४ पासून चीनच्या नव्या कंपनी कायद्याने नोंदवलेलं भांडवल पाच वर्षांत भरायचं बंधन घातलं. कागदावर मोठं भांडवल मिरवणाऱ्या कित्येकांनी ते कमी करून घेतलं; सध्या आमची बरीच कामं त्याच कागदपत्रांची आहेत.

फी ठरलेली असते, गुंतवणुकीच्या टक्केवारीवर नाही. ‘पैसे घालू नका’ असा अहवाल दिला तरी तेवढीच.