वायसोलोनचे शेवटचे ५ एमजी

स्टिरॉइड ४० वरून २० वर, २० वरून १० वर आलं की घरात सगळ्यांना हुश्श होतं, आता काय राहिलंय, ५ एमजीची एवढीशी गोळी, दोन आठवड्यात उरकून टाकू. आमच्या आईला आमवात आहे आणि बरीच वर्षं वायसोलोन, म्हणजे प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी, चालू होती, त्यामुळे हे सगळं घरात बघितलंय म्हणून सांगते, सगळ्यात सांभाळायचा टप्पा तिथूनच सुरू होतो.

कारण असं की दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर ज्या छोट्या अॅड्रिनल ग्रंथी असतात ना, त्या रोज कॉर्टिसोल बनवतात, पहाटेपासून सकाळपर्यंत सगळ्यात जास्त, आणि रात्री अगदी कमी. बीपी, साखर, आजारपणात तग धरणं, सगळं त्याच्यावर. किती बनवायचं याचा हुकूम मेंदूतल्या पिट्युटरीकडून येतो, एसीटीएच नावाच्या हार्मोनने. बाहेरून रोज प्रेडनिसोलोन मिळायला लागलं की पिट्युटरी हुकूम देणंच थांबवते आणि महिनोन् महिने हुकूम नाही म्हणून ग्रंथी सुकत जातात. सतत कडेवर राहिलेल्या पोराला एकदम खाली सोडलं तर ते लगेच पळणार आहे का.

आता शरीर स्वतः दिवसाला जेवढं कॉर्टिसोल बनवतं ते साधारण ४ ते ६ एमजी प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं असतं. म्हणजे ४० वरून १० वर येताना शरीराला गरजेपेक्षा जास्तच मिळत असतं, तिथे काळजी मूळ आजार परत उसळण्याची. पण ५ च्या खाली गेलात की जेवढं कमी केलं तेवढं ग्रंथीने स्वतः भरून काढायला हवं, आणि ती अजून झोपलेली असेल तर? आधी पिट्युटरी जागी होते, मग तिच्या मागून अॅड्रिनल, आणि याला काही महिने लागतात, काहींना वर्षाच्या वरही. म्हणून आमच्या डॉक्टरांनी ५ नंतर १-१ एमजीच कमी केलं आणि मधे भरपूर थांबले. आई वैतागायची, "अगं किती दिवस हे," तर डॉक्टर म्हणाले, "काकू, घाई तुम्हाला आहे, ग्रंथीला नाहीये."

हे ज्ञान फुकट मिळालेलं नाही. कॉर्टिसोन नावाचं स्टिरॉइड पहिल्यांदा दिलं गेलं १९४८ मधे अमेरिकेत मेयो क्लिनिकमधे, तेही आमवाताच्याच पेशंटला, आणि जागेवरून न हलणारी माणसं चालायला लागली, १९५० मधे नोबेलही मिळालं. आणि १९५२ मधे लगेच रिपोर्ट आला की आमवाताचा एक पेशंट, कॉर्टिसोन घेतलेला, ऑपरेशननंतर शॉकमधे गेला तो परत आलाच नाही, आणि नंतर बघितलं तर त्याच्या अॅड्रिनल सुकलेल्या होत्या. तेव्हापासून हे माहिती आहे, तरी आजही आपल्याकडे "एवढं स्टिरॉइड बरं नव्हे हो, बंद करा" असं सांगणारे शेजारी असतात आणि ऐकणारेही असतात, याचा मला खरंच त्रास होतो.

कमी करताना आईचं अंग दुखायचं, गळून जायची, चिडचिड व्हायची. यातलं बरंचसं डोस उतरताना होतंच. पण उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी, मळमळ, जेवण न जाणं, वजन उतरणं, बीपी आणि सोडियम खाली, हे दिसलं तर कॉर्टिसोल कमी पडतंय का ते बघायला हवं. गंमत नाही, ही लक्षणं इतकी साधी वाटतात की घरचे "वय झालंय" म्हणून सोडून देतात.

टेस्ट साधी आहे, सकाळी ८-९ ला कॉर्टिसोल. आदल्या दिवशी सकाळी गोळी घेतली की मग २४ तास नाही, रक्त देऊन झालं की त्या दिवशीची गोळी घ्यायची, ती चुकवायची नाही. २०२४ च्या युरोपियन आणि अमेरिकन एंडोक्राइन सोसायट्यांच्या गाइडलाइनप्रमाणे डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर ग्रंथी सावरली, ५ च्या खाली तर गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी परत बघायचं, आणि मधलं आलं तरी गोळी चालूच, थोडं थांबून पुन्हा टेस्ट. आईचं पहिल्यांदा मधलंच आलं, ती हिरमुसली, पण ते काही वाईट नव्हे, ग्रंथी कामाला लागलीय एवढंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताप. निरोगी माणसाची ग्रंथी तापात आपोआप जास्त कॉर्टिसोल सोडते, स्टिरॉइडवर असलेल्यांची सोडू शकत नाही, म्हणून तेवढे दिवस डोस वाढवावा लागतो. किती आणि किती दिवस ते आपल्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या, रात्री दोन वाजता फोन लागत नाही. उलट्या होत असतील तर गोळी पोटात राहत नाही, तेव्हा वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन लागतं. कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच बोलायचं की हे बरीच वर्षं स्टिरॉइडवर आहेत. दाताचं, मोतीबिंदूचं, कुठलंही ऑपरेशन असो, गोळी बंद होऊन वर्ष झालं असलं तरी सांगायचं.

अजून एक, स्टिरॉइड म्हणजे फक्त वायसोलोन नाही. डिफ्लाझाकोर्ट तेच, गुडघ्यातली इंजेक्शनं तेच, जास्त डोसचे इनहेलर आणि महिनोन् महिने चोळलेली गोरेपणाची किंवा गजकर्णाची क्रीमसुद्धा. आणि सांधेदुखीच्या त्या बिननावाच्या पुड्या, दोन दिवसात चालायला लावणाऱ्या, त्यातल्या बऱ्याच पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय. आत काय आहे ते घेणाऱ्याला माहीतच नसतं, त्यामुळे पुडी संपली की आजी एकदम आडवी का पडली ते कोणालाच कळत नाही. घरात कोणी अशी पुडी बरेच दिवस घेत असेल तर ती ओढून फेकून देऊ नका, पुडीसकट त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा.