गच्चीवरच्या सेडरच्या डेकसाठी स्टेन निवडताना : माझा अनुभव

‘एक्स्टिरिअर’, म्हणजे बाहेरच्या लाकडासाठीचे, म्हणून विकले जाणारे स्टेन (लाकडाला छटा देणारे लेपन) दारा-खिडक्यांवर टिकते हे सगळेच सांगतात. तेच स्टेन पावसात भिजणाऱ्या, उन्हात तापणाऱ्या आणि पायाखाली येणाऱ्या आडव्या फळीवर टिकेल का, एवढ्या एका प्रश्नाचे सरळ उत्तर मिळवण्यात माझा यंदाचा उन्हाळा बहुतेक संपला. उत्तर अखेर मिळाले, डेकही (गच्चीवरचा फळ्यांचा तळ) मनासारखा झाला आणि त्याने एक पावसाळा व्यवस्थित काढला. तरीही मधल्या त्या आठवड्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही, आणि गच्चीवर लाकूड बसवू पाहणाऱ्या आणखी कोणाचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बावधनमधल्या आमच्या घराला पश्चिमेकडे उघडी गच्ची आहे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग तपासून घेणे, पाण्याच्या उताराला धक्का न लावता खालचा सांगाडा उभा करणे आणि फळ्या मापात कापणे ही सगळी कामे आमच्या सुताराने वेळेत आणि चोख केली. लाकूड वेस्टर्न रेड सेडरचे आहे. हा वृक्ष कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आणि अमेरिकेच्या वायव्य भागात वाढतो. आपल्या हिमालयातल्या देवदाराशी त्याचे जवळचे नाते नाही. स्लॅबवर भार कमी यावा म्हणून आम्ही ते निवडले, कारण सागाचे लाकूड घनमीटरला साधारण ६५० किलो भरते, तर हे ३७० किलोच्या आसपास. गाभ्याच्या लाकडात निसर्गतःच कुजण्याला विरोध करणारी द्रव्ये असतात आणि ओल्या-कोरड्या हवेत ते फारसे वाकत किंवा पिळवटत नाही. मात्र ते मऊ आहे, आणि उघडे ठेवले तर उन्हाने करडे पडते.

पुण्याची हवा लाकडाला सोपी नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, हवा इतकी कोरडी होते की लाकडातला ओलावा सहा-आठ टक्क्यांपर्यंत खाली येतो. त्यातच एखाद्या संध्याकाळी वळीव, कधी गारांसह, कोसळतो आणि तापलेली फळी क्षणात भिजते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेकडच्या या भागात शहराच्या पूर्वेपेक्षा जास्त पाऊस पडतो, आणि तेव्हा लाकडातला ओलावा दुपटीहून अधिक वाढतो. मग लगेच ऑक्टोबरची उष्णता येते. लाकूड वर्षभर असे फुगत आणि आकसत राहते. त्याच वेळी उन्हातली अतिनील किरणे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन तोडत असतात, आणि पाऊस ते मोकळे झालेले लिग्निन व लाकडातली तपकिरी द्रव्ये धुऊन नेतो. लाकूड करडे पडते ते याच कारणाने.

हे सगळे मला आधीपासून ठाऊक होते असे नाही. दुकानांतून उत्तर मिळेना तेव्हा वाचत गेले. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन इथे १९१० पासून त्यांच्या वनखात्याची लाकडावर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, तिने सामान्य घरमालकांसाठी साध्या भाषेत पुष्कळ माहिती दिलेली आहे. तिच्यावरून दोन गोष्टी मनात पक्क्या झाल्या. पहिली अशी की लाकडाची लेपने दोन जातींची असतात : लाकडावर थर धरणारी आणि लाकडात मुरणारी. थर धरणारे लेपन उभ्या भिंतीवर उत्तम टिकते, पण आडव्या फळीच्या टोकांतून आणि बारीक चिरांतून पाणी थराखाली शिरते, ते लवकर बाहेर पडत नाही, आणि थर पापुद्रे होऊन निघू लागतो. मुरणारे लेपन झिजते, फिके होते, पण निघायला त्याचा थरच नसतो. दुसरी गोष्ट अशी की नवे लाकूड काही आठवडे जरी उघड्या उन्हात पडले, तरी त्याचा पृष्ठभाग कमकुवत होतो आणि त्यावरचे लेपन कमी टिकते. म्हणूनच फळ्या सांगाड्यावर ठोकण्याची मी घाई केली नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा त्या रचून ठेवल्या. त्या तिथे किती दिवस राहणार, असा प्रश्न सेक्रेटरी काका मला दर रविवारी विचारत होते आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर नसण्याचे कारण एकच होते. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत रंगाच्या दुकानांतून फिरले, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये विचारले, तेव्हा जवळपास प्रत्येकाने पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा, म्हणजे थर धरणाऱ्या लेपनाचा, डबा पुढे केला. त्या दुकानदारांना मी दोष देत नाही. पुण्यात बाहेरचे लाकूड म्हणजे मुख्य दरवाजा, खिडकीची चौकट, फार तर बंगल्याचा झोपाळा. त्यांच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला तेच हवे असते आणि तिथे पीयू चांगले काम करते. त्यातल्याच एका दुकानात एका मोठ्या रंग कंपनीचे ‘एक्स्टिरिअर वुड स्टेन’ मिळाले. रंगछटा सुरेख होती, डब्यावर ऊन आणि पाणी दोन्हींपासून संरक्षणाचे आश्वासन होते, वर काही वर्षांची वॉरंटीही होती. ते थर धरते की मुरते, आणि चालण्याच्या आडव्या पृष्ठभागासाठी आहे की नाही, या दोनच गोष्टी डब्यावर कुठेही लिहिलेल्या नव्हत्या.

ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडच्या मुलाने नम्रपणे सांगितले, “मॅडम, एक्स्टिरिअर आहे, बिनधास्त लावा.” मी विचारले की डेकच्या फळीवर, पाणी साचते तिथे चालेल का. तो पुन्हा म्हणाला, “मॅडम, एक्स्टिरिअर आहे ना.” तांत्रिक माहितीपत्रक मागितले, तर ते डीलरकडे मिळेल असे कळले. डीलर म्हणाले की ते कंपनीच देते. लेखी प्रश्न पाठवला, तर तक्रार क्रमांक आला आणि थोड्याच दिवसांत ती तक्रार ‘निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आला. प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. पुन्हा पाठवला, पुन्हा नवा क्रमांक. प्रत्येक वेळी नव्या माणसाला डेक म्हणजे काय इथपासून सांगावे लागे, आणि दर वेळी संभाषण त्याच एका शब्दावर येऊन थांबे.

मग कंपनीचे प्रतिनिधी घरी आले. त्यांनी फळ्या पाहिल्या, लाकडाची तारीफ केली, गच्चीचे क्षेत्रफळ मोजले आणि स्टेनवर दोन हात पारदर्शक पीयू चढवण्याचे कोटेशन दिले. वॉरंटीचे कागद मी त्यांच्यासमोरच वाचायला घेतले. अगदी बारीक अक्षरांत, अपवादांच्या यादीत, पाणी साचणारे आडवे पृष्ठभाग आणि पायरहदारीचे पृष्ठभाग असे स्पष्ट लिहिले होते. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर मला महिनाभर कोणी देत नव्हते, ते त्यांच्याच कागदावर छापलेले होते. मी ते वाक्य त्यांना दाखवले. ते म्हणाले, “ती नुसती फॉर्मॅलिटी असते, मॅडम. मी वरिष्ठांना विचारून सांगतो.” या वाक्याची आठवण झाली की मला आजही संताप येतो. एखादा माल एखाद्या कामासाठी नसेल तर नाही म्हणण्यात कंपनीचे काहीच जात नाही. हो म्हटल्याने मात्र गिऱ्हाइकाचे लाकूड, मजुरी आणि पुढच्या वर्षी तो थर घासून काढण्याची मेहनत जाते. वरिष्ठांकडून काही कळले नाही. दरम्यान एप्रिल उजाडला होता, वळवाचे ढग दुपारनंतर दिसू लागले होते, आणि सुतार अधूनमधून फोन करून विचारत होता, “ताई, मी दुसरं काम घेऊ का?”

मी त्याला थांबायला सांगितले आणि फळ्यांचे उरलेले तुकडे त्याच्याकडून मागून घेतले. मिळतील ती लेपने थोड्या प्रमाणात आणून प्रत्येक तुकड्याला एकेक लावले, एक तुकडा कोरा ठेवला, आणि नीट वाळल्यावर सगळे रात्री पाण्याच्या बादलीत व दिवसा गच्चीवर आडवे उन्हात, असा क्रम लावून दिला. ज्याला कंपनीकडून उत्तर मिळत नसेल त्याने हाच मार्ग धरावा, आणि तो पहिल्याच दिवशी धरावा. काही आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसू लागला. पीयू लावलेल्या तुकड्याच्या कापलेल्या टोकाशी थर पांढुरका पडला आणि चिकटपट्टी दाबून ओढल्यावर तिच्याबरोबर निघून आला. त्या बहुचर्चित स्टेनचेही टोकाशी तसेच झाले. रंगहीन तेलाचा तुकडा कोऱ्या तुकड्यामागोमाग फिकट पडू लागला. तेलात लोहाच्या ऑक्साइडचे बारीक रंगद्रव्य असलेले, मुरणारे, मध्यम तपकिरी स्टेन मात्र जवळपास जसेच्या तसे राहिले. अतिनील किरणे अडवण्याचे काम हे रंगद्रव्यच करते. त्यामुळे लाकूड मूळ रंगात दिसावे म्हणून पारदर्शक लेपनाचा आग्रह धरणे डेकवर परवडत नाही. फार गडद छटाही घेऊ नये, कारण मे महिन्यात तिच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही.

हे मुरणारे स्टेन दुसऱ्या एका कंपनीचे होते. त्यांच्या तांत्रिक विभागातल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच फोनवर माझे दोन्ही प्रश्न ऐकून घेतले, मुरणारे आहे, डेकसाठी आहे, उन्हात आणि पावसात ठेवलेल्या डेकला साधारण दोन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागेल असे सांगितले, आणि माहितीपत्रक त्याच दुपारी पाठवले. मला त्या क्षणी जे हायसे वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. जास्त वर्षांचे आश्वासन देणाऱ्यापेक्षा दोन वर्षे म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसला.

पुढचे काम भराभर झाले. रंधा मारलेल्या फळीचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि किंचित चकचकीत असतो, त्यात तेल नीट मुरत नाही. म्हणून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळ्या फळ्या रेषेच्या दिशेने घासल्या. १२० च्या पुढचा बारीक कागद डेकला वापरू नये. ओलावा मोजण्याचे टोचणीचे छोटे यंत्र घेतले होते. पंधरा टक्क्यांखाली ओलावा असल्याशिवाय स्टेन लावू नये, आणि आमच्या फळ्या त्याहून पुष्कळ कोरड्या होत्या. फळ्या अजून ठोकलेल्या नव्हत्या याचा इथे मोठा फायदा झाला : चारही बाजूंना आणि दोन्ही टोकांना स्टेन देता आले. टोके पाणी सर्वांत जास्त पितात, त्यामुळे ती पुरती तृप्त होईपर्यंत पुन्हा पुन्हा भिजवावीत. काम सकाळी, सावलीत करावे. फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता ब्रश ओढावा, नाहीतर जोडाचे डाग दिसतात. पहिला हात पूर्ण कडक होण्याआधी दुसरा द्यावा, आणि पंधरा-वीस मिनिटांत न मुरलेले तेल फडक्याने पुसून घ्यावे. तसेच राहिले तर चिकट चमकदार पट्टे पडतात.

ही फडकी फार महत्त्वाची आहेत आणि हे खरे तर मी सुरुवातीलाच सांगायला हवे होते. वाळणाऱ्या तेलाने माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आत उष्णता साठून ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. पार्किंगमध्ये गाड्यांशेजारी काम चालले असताना मी स्वतः शेवटचे फडके पसरले जाईपर्यंत तिथून हलले नाही.

स्क्रूसुद्धा स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. सेडरमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंडाचा संयोग झाला की निळसर काळे डाग पडतात. त्याच कारणाने कठड्याच्या ग्रिलचे वेल्डिंग आणि ग्राइंडिंग फळ्या बसण्याआधी उरकून घ्यावे, कारण उडालेला लोखंडाचा भुगा पहिल्या पावसात फळीवर ठिपके उमटवतो. असे डाग पडलेच तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने निघतात. ते हातमोजे घालून लावावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. गच्ची धुण्यासाठी घरोघरी वापरतात ते ॲसिड आणि ब्लीच मात्र डेकजवळही आणू नये. आमच्या कामवाल्या मावशींना मी मऊ ब्रश आणि सौम्य साबण वेगळा काढून दिला आहे. दोन फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर फट ठेवली आहे, ती पानांनी बुजू द्यायची नाही, आणि कुंड्या थेट फळीवर न ठेवता पायांच्या स्टँडवर ठेवायच्या.

मेच्या अखेरीस शेवटची फळी बसली आणि दोनच दिवसांत जोरदार वळीव झाला. ऑक्टोबरमध्ये मी ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकून पाहिले. बहुतेक फळ्यांवर पाणी अजून मोत्यासारखे उभे राहते. फक्त दाराजवळच्या, सतत पायाखाली येणाऱ्या तीन-चार फळ्यांत ते हळूहळू जिरते. तेवढ्या फळ्यांना जानेवारीत, हवा कोरडी असताना, धुऊन वाळवून एक हात देणार आहे. मुरणारे स्टेन असल्यामुळे त्यासाठी काही खरवडावे लागणार नाही, आणि उरलेला डबा त्याच कामासाठी घट्ट झाकण लावून, शेड आणि बॅचचे क्रमांक लिहून, घरातल्या थंड कपाटात ठेवलेला आहे.