सोबत आलेल्या भावाचे डोळे

मी नागपुरात सीताबर्डीजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्याकडे येतो. नंबर काढणं, डोळ्याचं प्रेशर बघणं, बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकणं (त्याने काही तास धूसर दिसतं), डोळ्याच्या आतल्या पडद्याचा म्हणजे रेटिनाचा फोटो काढणं हे माझं काम. एप्रिलमधला शनिवार होता, बाहेर नुसती आग, आणि इतवारीतले दोन भाऊ आले, धान्याचं दुकान आहे त्यांचं. पेशंट म्हणजे लहाना, 44 वर्षांचा, शुगर गेल्याच वर्षी निघालेली आणि त्या आठवड्यात 290 आली म्हणून पार घाबरलेला. मोठा भाऊ फक्त गाडी चालवायला सोबत आला होता.

लहान्याचा पडदा एकदम स्वच्छ निघाला. तो हुश्श करून बसला तर मोठा मागून म्हणतो, "मी सांगतच होतो याले, मले चौदा वर्षं झाले शुगरले, काही झालं का?"

चौदा वर्षं ऐकलं आणि माझा हात थांबला. काका, पडदा कधी तपासला? तर कधीच नाही, चष्म्याचा नंबर तेवढा दरवर्षी काढतात. म्हटलं बसा, चार्ट वाचा. दोन्ही डोळ्यांनी 6/6, शेवटची ओळ घडाघडा वाचली. खिशातला रिपोर्ट दाखवला, तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 7.1 टक्के, म्हणजे वाईट नाहीच. पण त्याच घडी घातलेल्या कागदात जुने रिपोर्ट होते, त्यात 10, 11 असे आकडे वर्षानुवर्षं. बीपी घेतला तर 172/98. गोळी होती म्हणे, बरं वाटते म्हणून सोडली. आणि पायाला मोज्यांचे खोल वळ उमटलेले, म्हणजे पायावर सूज.

ड्रॉप टाकू म्हटलं तर ऐकेचनात. "औषध टाकलं त गाडी कोण चालवीन मॅडम? मले त दूरचं बी दिसते, जवळचं बी दिसते." खरं सांगते, दोन वर्षांपूर्वी असंच म्हणणाऱ्या एका माणसाला मी "बरं, पुढच्या वेळी या" म्हणून जाऊ दिलं होतं, आणि पुढच्या वेळी तो आला तेव्हा डोळ्यात रक्तस्राव होऊन समोर काळं जाळं धरलेलं होतं. ते मी विसरू शकत नाही. म्हणून या वेळी मी लहान्याकडून पुतण्याला फोन लावायला लावला, गाडी न्यायला ये म्हणून, आणि मग ड्रॉप टाकले.

अर्ध्या तासाने फोटो काढला. पडद्यावर चहूकडे रक्ताचे ठिपके, कापसासारखे पांढुरके डाग, आणि उजव्या डोळ्यात नसेच्या तोंडाशी बारीक नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं. या नव्या वाहिन्या फार नाजूक असतात, कधीही फुटतात. फक्त मधला भाग, ज्याने आपण अक्षर वाचतो, तो अजून वाचलेला होता, म्हणून 6/6. डॉक्टरांनी बघितलं आणि लेसर लगेच सुरू करायचं ठरवलं.

काका गप्प झाले, मग म्हणाले, "पण शुगर त याची जास्त आहे ना?"

हेच सगळ्यांना वाटतं हो. म्हटलं काका, आजची शुगर म्हणजे आजचा दिवस, पडद्याच्या बारीक वाहिन्या मात्र मागची सगळी वर्षं सोसून बसलेल्या असतात. किती वर्षं शुगर आहे आणि त्यातली किती वर्षं ती वाढलेली होती हे सगळ्यात मोठं, आणि वरून बीपी म्हणजे आधीच कमजोर झालेल्या नळीत जोरात पाणी सोडल्यासारखं. ब्रिटनमध्ये यूकेपीडीएस नावाचा टाइप 2 म्हणजे बहुतेक मोठेपणी होणाऱ्या शुगरच्या पेशंटवरचा मोठा अभ्यास झाला, 1998 साली त्याचे निष्कर्ष आले, त्यात ज्यांचा बीपी कडक सांभाळला त्यांच्यात पडद्याचा आजार पुढे सरकण्याचा धोका 34 टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे ती सोडलेली बीपीची गोळी डोळ्याची पण गोळी होती! किडनीचं पण तसंच, लघवीतून प्रोटीन जायला लागलं की पडदा बघायलाच हवा, कारण बारीक वाहिन्या दोन्हीकडे सारख्याच. काकांना लगेच लघवी आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ताची तपासणी) लिहून दिलं, लघवीत प्रोटीन निघालंच.

लहान्यालाही सांगितलं, तुम्ही सुटले असं नाही, दरवर्षी यायचं. टाइप 2 शुगर कळायच्या आधीच कित्येक वर्षं अंगात असू शकते, म्हणून तर ती निघाल्या निघाल्याच पहिली तपासणी करायची असते.

लेसरच्या चार सिटिंग झाल्या. रात्री थोडं कमी दिसते म्हणतात, ते होतं लेसरने, आधी सांगितलं होतं. पण वाचतात अजून 6/6, आणि बीपीची गोळी आता लहाना रोज दुकानात समोर उभा राहून देतो.

शेवटच्या सिटिंगला काकू सोबत होत्या. काका त्यांना खुर्चीत बसवून म्हणाले, "हिले बी अकरा वर्षं झाले मॅडम, टाका ड्रॉप. आज गाडी आणलीच नाही, ऑटोनंच आलो."